गंगुबाईच्या गाऱ्हाण्यातलं एक नाव

लालबागच्या गंगुबाई परब देवाला दमात घ्यायच्या. लपूनछपून नाही, चांगलं माणसांनी भरलेल्या खोलीत, गणपतीपुढे नारळ ठेवून, डोक्यावरचा पदर सावरून. "गेल्या वर्सा तुका सांगलेलंय, माज्या दिनेशच्या नोकरीचा बघ म्हणान. काय बघितलंस? मोदक तेवढे बघितलंस!" असं म्हणायच्या, आणि मागे उभी असलेली माणसं हसू दाबत एका सुरात ओरडायची, "व्हय म्हाराजा!"

मालवणी घरांत आरती झाली की गाऱ्हाणं घालतात. घरातल्या कर्त्या माणसाने देवापुढे उभं राहून घरातलं सगळं त्याच्या कानावर घालायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. परबांकडे ह्या गाऱ्हाण्याचे दोन भाग. आधी गेलेल्यांची नावं घ्यायची, मूळपुरुषापासून धरून, आणि म्हणायचं की लक्ष असू द्या. मग जिवंतांची नावं, थोरल्यापासून शेंडेफळापर्यंत, आणि देवाला सांगायचं, ह्यांना सांभाळ. मधे हद्द आहे. अलीकडचं नाव चुकून पलीकडे गेलं तर अख्खी खोली "अरे अरे अरे" करत अंगावर येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आणि हे सगळं पुरुषाने करायचं असतं, हे तर सांगायचीही कुणाला गरज वाटत नाही.

मग गंगुबाई तिथे कशा उभ्या राहिल्या? त्याचीही एक गंमतच आहे. त्यांचे यजमान बुधाजी गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर, होते, छातीच्या दुखण्याने तरुणपणीच गेले. मागे दोन मुलगे, आनंदा शाळकरी आणि दिनेश तर अजून नाक पुसायचं शिकत होता. त्या वर्षी गणपतीत गाऱ्हाणं घालायला शेजारचे धोंडूकाका आले. गावचे, त्याच मजल्यावरचे, आवाज असा की गिरणीचा भोंगा बिघडला तर ह्यांना गेटवर उभं करावं. काकांनी मूळपुरुष उरकले, बुधाजीचं नाव घेतलं, जिवंतांवर आले. "बुधाजीचो थोरलो झील आनंदा, आनी धाकटो... धाकटो... काय तो... आनी सगळीच पोरांटोरां, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

पडद्यामागून गंगुबाई बाहेर आल्या. हाताला मोदकाची उकड तशीच. "दिनेश! दिनेश नाव तेचा! नावच घेतलास नाय तर देवाक कसा कळतला कोणाक सांभाळूचा ता?"

"गंगू, बाईमाणसान गाऱ्हाण्यात बोलाचा नसता."

"मगे बापयमाणसान निदान नावां पाठ करून येवचा असता!"

खोलीत जो हशा पिकला त्यात काकांचा मान वाहून गेला. गंगुबाईंनी हात धुतले, नारळ स्वतःकडे ओढला आणि पहिल्यापासून गाऱ्हाणं घातलं. मजल्यावर पुढे महिनाभर कुजबुज चालली, बाईनं घातलं, विधवेनं घातलं, आता बघा काय होतं ते. काही झालं नाही. उलट दुसऱ्या वर्षी त्याच कुजबुजणाऱ्या बाया आपापल्या घरची कामं घेऊन हजर. गंगू, माझ्या जावयाची दारू घाल गो गाऱ्हाण्यात. गंगू, पोराचं मॅट्रिकचं तिसरं वर्ष आहे. गंगुबाई सगळ्यांचं घालायच्या, आणि नावानिशी घालायच्या. दारूबाज जावई मागेच उभा असला तरी त्याचं नाव घेऊन. तो बिचारा खाली मान घालून "व्हय म्हाराजा" म्हणायचा, करतो काय!

तर अशा घरात अनुजा सून म्हणून आली. माहेर गिरगावात फणसवाडीत, वडील छापखान्यात, मूळ राजापूरकडचे. घरात बोलणं पुस्तकासारखं. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत सासूबाईंचं ते देवाला झापणं ऐकून तिला असं हसू फुटलं की तोंडात पदर कोंबूनही आवरेना. आता आपली खैर नाही, असं तिला वाटलं. आरती झाल्यावर गंगुबाई तिच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "हस गो. देवाकय कोण तरी हसणारा व्हया. ह्ये सगळे मेले तोंडां पाडून उभे ऱ्हवतत."

आनंदा आईच्या अगदी उलट. बोलायला लाजाळू. गाऱ्हाणं आता तू घाल, असं आईने किती वर्षं म्हटलं, पण हा मागे सरकायचा, "आये, तूच घाल, तुझं तो ऐकतो." गिरणीत बापाच्याच खात्यात लागला होता. आई लालबागच्या मसाला गल्लीत लोकांचे वर्षाचे मसाले भाजून द्यायची, घरात मिरचीशिवाय वारा शिरत नव्हता, आणि ह्या पठ्ठ्याला तिखट म्हणून सोसायचं नाही. आमटीत पाणी ओतून घ्यायचा. अनुजाने त्याच्यासाठी वेगळी फिकी आमटी काढायला सुरुवात केली तेव्हा सासू म्हणाली, "बरा झाला बाय, माका लाज वाटा वेगळी करूक." एवढ्यावर त्या दोघींचं जमलं.

वैभव झाला आणि वर्षाच्या आत गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढचं लालबाग-परळात कुणाला सांगायला नको. आज मिटेल, उद्या मिटेल, करता करता डबे रिकामे झाले. एका सकाळी आनंदा म्हणाला, भिवंडीला लूमवर माणसं घेताहेत, चार दिवस बघून येतो. पोराच्या गालाचा मुका घेतला, आईच्या पाया पडला. अनुजाशी काही बोलला नाही, नुसता बघून हसला, कारण आई समोर होती. आणि गेला तो गेलाच.

भिवंडीत काही दिवस होता, एवढं कळलं. मग कोणी म्हणालं सुरतेला गेला, कोणी म्हणालं इचलकरंजीला. गंगुबाईंनी धाकट्या दिनेशला बरोबर घेऊन सगळं पालथं घातलं. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली, जिथे जायला माणसाचे पाय धजत नाहीत ती हॉस्पिटलमागची खोलीही झाली. सुरतेत कुणीतरी छातीठोक सांगितलं, तुमचा मुलगा अमक्या देवळाच्या ओट्यावर बसतो, दाढी वाढली आहे, बोलत नाही. गंगुबाई फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि फिकी भाजी बांधून गेल्या. तो आनंदा नव्हता. कोण कुठला मेला, असं म्हणून दुसरी बाई परत फिरली असती. ह्यांनी त्याच्यापुढे भाकरी सोडली, तो खाईपर्यंत समोर बसून राहिल्या आणि मग त्याला अस्सल मालवणीत झाडलं, "घराक जा रे मेल्या, तुजीय आवस खय तरी वाट बघता आसतली!" त्या गुजरातेत राहणाऱ्या माणसाला त्यातलं काय कळलं देव जाणे.

त्या वर्षी गणपतीत सगळ्यांना धाकधूक, ही आता काय बोलणार? गंगुबाई उभ्या राहिल्या. गेलेल्यांची नावं झाली. हद्द ओलांडून त्या जिवंतांवर आल्या आणि थोरल्याच्या जागी खणखणीत म्हणाल्या, "माजो थोरलो झील आनंदा, खय आसात थय तेका सांभाळ आनी तेका घरची वाट दाखव रे म्हाराजा!" लोकांनी नेहमीपेक्षा मोठ्याने होकार भरला. अनुजाने वैभवला छातीशी घट्ट धरलं होतं, तीही ओरडली.

आणि मग तेच वाक्य दर वर्षी.

पोटासाठी अनुजाही सासूबरोबर मसाला गल्लीत उभी राहायला लागली. फणसवाडीची नाजूक मुलगी कढईवर मोठा उलथना मारायला शिकली. बेडगी केव्हा काढायची, धणे किती वेळ ठेवायचे, दगडफूल आणि त्रिफळं केव्हा टाकायची, सगळं. मिरची भाजताना डोळ्यांतून धारा लागतात, तिथे कुणी कुणाला का रडतेस विचारत नाही. अनुजाने त्या धुराचा बराच फायदा करून घेतला, ते खोटं कशाला बोला.

बारा वर्षं झाली तेव्हा गावाकडून माणसं आली. परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि दिवस घालायचे, अशी रीत. अनुजाचे चुलत दीर होते, मजल्यावरचे धोंडूकाकाही होते. काका म्हणाले, "गंगू, तेच्या जीवाक गती मिळाक व्हयी." अनुजाचा भाऊ गिरगावातून आला होता, तो कोपऱ्यात म्हणाला, "ताई, मोकळी हो आता. वय काय आहे तुझं?"

गंगुबाईंनी सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्या घरात गवताचो बावलो जळूचो नाय. चाय संपवा." विषय संपला. माणसं गावाला गेली.

पण बाई गं, अनुजाला कुणी विचारलं? भावाने विचारलं नाही, दिरांनी विचारलं नाही, आणि जिने आयुष्यभर नाव सुटू नये म्हणून देवाशी भांडण काढलं त्या सासूनेही विचारलं नाही. अनुजाचं मन तर तोवर कधीच सांगून मोकळं झालं होतं की तो नाही. कसं कळलं म्हणाल तर सांगता येत नाही. दारावर थाप पडली की आधी तिचं काळीज हलायचं. एक दिवस तिच्या लक्षात आलं की हलेनासं झालंय. त्याच्यासाठी एकदा बायकोसारखं मोठ्याने रडावं, एवढंच तिला हवं होतं. ते कसं रडणार? कपाळावर सासू स्वतः कुंकू रेखत होती. हातात हिरव्या बांगड्या सासूच भरवून आणत होती. हळदीकुंकवाला पुढे बसवत होती. सवाष्ण म्हणून मजल्यावर तिचा मान होता, आणि त्या मानाच्या आत तिचा जीव गुदमरत होता. सासूचा राग यायचा. मग सासूचा चेहरा दिसला की रागाचीच लाज वाटायची.

एकदा, फक्त एकदाच, तिने तोंड उघडलं. मे महिना, मसाल्याची गर्दी, दोघी एकाच कढईशी. अनुजा म्हणाली, "आई, ते आता यायचे नाहीत."

गंगुबाईंचा हात थांबला. त्यांनी सुनेकडे बघितलंही नाही. कढईत मिरची होती, ती लाल झाली, काळी झाली, सगळ्या गल्लीला ठसका लागला, लोक ओरडायला लागले, तरी त्यांचा उलथना हलला नाही. शेवटी अनुजानेच कढई उतरवली. कुणाचा तरी वर्षाचा मसाला जळाला होता. असं गंगुबाईंच्या हातून आधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. "येतलो," एवढंच त्या म्हणाल्या आणि जळकी मिरची टोपलीत ओतायला वळल्या. पाठीवरून दिसत होतं त्या किती एवढ्याशा झाल्या होत्या ते. अनुजाने मनात शपथ घेतली, ही बाई आहे तोवर पुन्हा हा शब्द काढायचा नाही.

आणि ती बाई राहिली चांगली नव्वदी ओलांडेपर्यंत! दिनेशला बेस्टमध्ये नोकरी लागली, तो रिटायर झाला. वैभव इंजिनीअर झाला, लग्न झालं. धोंडूकाका गेले. चाळ पाडून टॉवर झाला, परबांना चौदाव्या मजल्यावर दोन शेजारशेजारची घरं मिळाली. तिथेही गंगुबाई दिवसभर दार सताड उघडं टाकायच्या, सिक्युरिटीवाल्याने तक्रार केली तर त्याला आत बोलवून सोलकढी पाजायच्या. "दार लावन घेतला तर येणारो परत जायत मा," म्हणायच्या. कोण येणारा ते कुणी विचारत नसे.

शेवटच्या गणपतीत त्या खुर्चीत बसून होत्या. नातसुनांची, पणतवंडांची, टॉवरमधल्या नव्या गुजराती शेजाऱ्यांचीही नावं घेतली. एकही चुकलं नाही. आणि थोरल्याच्या जागी आनंदा. आता आनंदा असता तर सत्तरीला टेकला असता, पण आईच्या तोंडून नाव असं यायचं की भिवंडीहून संध्याकाळपर्यंत येईल.

वैशाखात त्या गेल्या. झोपेत, काही त्रास न देता. स्मशानात भटजींनी सहज विचारलं, "थोरले चिरंजीव कोण? पुढे या." कुणी हललं नाही. सगळ्यांनी अनुजाच्या मुलाकडे बघितलं, मग खाली बघितलं. दिनेश पुढे झाला. भटजी भला माणूस, त्याने पुढे काही विचारलं नाही.

खरी पंचाईत गणपती तोंडावर आला तेव्हा झाली. वर्षाच्या आत सण करायचा नाही, पण परबांचा गणपती चुकवत नाहीत. साधाच आणायचा असं ठरलं. एका दुपारी दिनेश वहिनीपुढे येऊन बसला. एवढा पासष्टीचा माणूस, पण मुलाखतीला आल्यासारखा खुर्चीच्या टोकावर.

"वहिनी, गाऱ्हाणं आता मलाच घालायला लागणार. आईसारखं मला काय जमायचं नाय. पण ते सोडा. दादाचं नाव कुठे घेऊ?"

गावच्या चुलत भावाचा फोन आला होता, ते त्याने चाचरत सांगितलं. पुतळाविधी करून टाका, आता कसली अडचण राहिली नाही, असं तो म्हणत होता.

"अडचण?" अनुजा म्हणाली. "आई अडचण होत्या?"

"तसं नाय वहिनी. पण मी एकट्याने कसं ठरवू? जिवंतांत घेतलं तर मनाला खोटं वाटतं. मेलेल्यांत घेतलं तर... माझ्याच तोंडून दादाला मारल्यासारखं होईल हो."

वैभव तिथेच लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने मान वर केली. "काका, मग नावच नका ना घेऊ. दोन्हीकडे नको. टेन्शन खतम."

अनुजा ताडकन उभी राहिली. "नाव गाळायचं? अरे, तुझी आजी एका नावासाठी मोदक सोडून उठली होती, आणि तू बापाचं नाव गाळायला निघालास?"

"आई, मला त्यांचा चेहरा पण आठवत नाही," वैभव म्हणाला. रागाने नव्हे, खरं ते म्हणाला. "मी चाळीस वर्षं व्हय म्हाराजा म्हणतोय. कशाला म्हणतोय ते मला कधी कळलंच नाही. तू काय म्हणशील ते होऊ दे. पण तू म्हण ना एकदा."

बघा, विचारलं. इतक्या वर्षांनी एकाने तरी विचारलं. पण सांगायचं काय? जिवंतांत ठेवायचं म्हणजे आणखी मरेपर्यंत तीच वाट बघणारी सवाष्ण. पलीकडे घालायचं म्हणजे आईंचं उभं आयुष्य खोटं पाडायचं, त्या जाऊन वर्षही झालेलं नसताना, त्यांच्याच देवापुढे. जिने कपाळावर कुंकू रेखलं तिचा हात झिडकारायचा. कुंकवाची तिला आता पडली नव्हती. लावलं काय, नाही लावलं काय, टॉवरमध्ये कोण बघतंय? पण आईंची पडली होती. फार पडली होती. "त्या वेळी बघू," असं म्हणून ती आत गेली, आणि चतुर्थीपर्यंत घरात कुणी तो विषय काढला नाही.

चतुर्थीला दुपारी आरती झाली. जुन्या चाळीतली बरीच माणसं आली होती, काही बदलापूर-विरारहून, आईंच्या पश्चात पहिला गणपती म्हणून. दिनेशने नारळ ठेवला. मग घसा खाकरून त्याने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"परबांच्या मूळपुरुषा, तुज्या लेकरांनी आज ही सेवा केली हा, ती मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एकेक नाव घेत तो खाली उतरत आला. आजोबा झाले. "आमचो बापूस बुधाजी." व्हय म्हाराजा. "आनी आमची आवस..." इथे तो अडखळला, त्याने डोळे मिटले आणि कसंबसं म्हटलं, "आमची आवस गंगुबाई, तिची नजर आमच्यार आसांदे रे म्हाराजा."

होकार आला, पण ओला. कित्येकांनी पदर डोळ्यांना लावले. ती बाई ज्या जागी उभी राहून नावं घ्यायची, तिथे तिचंच नाव, आणि तेही पलीकडच्या बाजूला. अनुजा भिंतीला टेकून उभी होती. ते नाव पलीकडे गेलेलं तिने ऐकलं. आई तिकडे पोचल्या. आता दिनेश हद्द ओलांडणार, अलीकडे येणार, आणि पहिलं नाव म्हणून, दुसरं काही सुचत नाही म्हणून, आनंदाचंच घेणार. म्हणजे आई तिकडे आणि तो इकडे. जिने जन्मभर त्याची वाट बघितली, तिची वाट तिथेही तशीच चालू राहणार.

"भावोजी, थांबा," अनुजा म्हणाली. "अजून एक नाव आहे."

दिनेशने वळून बघितलं आणि काही न बोलता बाजूला झाला. ती पुढे आली. पदर डोक्यावर घ्यायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही. हात जोडले. तिची मालवणी म्हणजे फणसवाडीची मालवणी, अर्धी इकडची अर्धी तिकडची, पण त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही.

"बा देवा म्हाराजा! गंगुबाईच्या शेजारी तिचो थोरलो झील आनंदा. मी त्यांची बायको अनुजा, माझ्या तोंडाने सांगते. आई होत्या तोवर त्यांना इकडे ठेवलं, कारण आई इकडे होत्या. आता आई थय गेल्यात. जन्मभर ज्येका सोधल्यांनी, तो तेंका भेटव. त्यांच्या बाजूला बसव. त्यांना तिखट सोसत नाही, ते आईंना माहीत आहे." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "आणि ते खरंच कुठे जिवंत असतील, मी आज चुकत असेन, तर ती चूक माझ्या डोक्यावर घाल. त्यांच्या केसाला धक्का लावू नकोस रे म्हाराजा."

कुणी होकार भरेना. कसा भरणार? आजवर ह्याच माणसांनी त्याला सांभाळ म्हणून ओरडून सांगितलं होतं. आता हो म्हणायचं म्हणजे तो गेला, ह्याला हो म्हणायचं. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दिनेश भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

"व्हय म्हाराजा," मागून एक आवाज आला.

वैभवचा. तो माणसांतून वाट काढत पुढे आला, आईच्या शेजारी उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, ह्या वेळी देवाकडे बघून, मोठ्याने, "व्हय म्हाराजा!"

मग दिनेश म्हणाला. मग सगळी खोली म्हणाली.

अनुजा तिथेच, देवापुढे, लादीवर बसली आणि रडली. तोंडात पदर न कोंबता, आवाज न चोरता, पोरीसारखी "अहो, अहो" करत रडली. तिला कुणी उगी कर म्हटलं नाही. वैभव तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला, आणि न आठवणाऱ्या बापासाठी त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बराच वेळ गेला. आत पानं वाढून झाली होती, भात निवला, कुणी जेवायला चला म्हणेना.

मग दिनेशने डोळे पुसले आणि पुन्हा नारळापुढे येऊन उभा राहिला. अजून जिवंतांची नावं राहिली होती. थोरल्याची जागा रिकामी होती. त्याने वहिनीकडे एकदा बघून घेतलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "आमच्या घरात आता थोरली अनुजा. तिका सांभाळ."